घर आधी मांजराचं

कोथरूडमधल्या त्या टू बीएचके फ्लॅटमध्ये लहान बेडरूमचं दार दिवसभर लावलेलं असतं. दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून दाबलाय. आतून मधूनच फरशीवर नखं वाजतात, मग एक लांब सुस्कारा ऐकू येतो. आत दीड वर्षाची तांबूस गावठी कुत्री आहे. सिंहगड रस्त्यावर गाडीखाली येता येता वाचली आणि पाय बरा झाल्यावर या घरी आली. बाहेर फ्रिजवर, केकच्या रिकाम्या खोक्यात, पाच वर्षांची चिंगी बसली आहे. डोळे दाराच्या फटीवर खिळलेले, शेपटीचं टोक तेवढं हलतंय.

"पहिल्या दिवशी तर खालीच उतरत नव्हती," घरातली मुलगी सांगत होती. "दुसऱ्या दिवशी सकाळी उतरली, टॉवेल हुंगला, फिस्कारली आणि सरळ जाऊन जेवली. जेवली ना, मग मी निश्चिंत झाले."

या अंकासाठी संपादकांनी 'शेजार' हा विषय दिला, तेव्हा मला अशीच घरं आठवली. मांजर आधीपासून नांदतंय आणि आता कुत्रं येऊ घातलंय. रस्त्यावरची कुत्री दत्तक घेणारी घरं माझ्या ओळखीत बरीच वाढली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांकडे मांजर असतंच. पहिली भेट फसली की कुत्रं परत पाठवलं जातं, नाहीतर मांजर पलंगाखालची होऊन जाते. दोन्हीचं मला फार वाईट वाटतं, कारण हे बहुतेक वेळा टाळता येतं. कुत्र्याचा स्वभाव महत्त्वाचा आहेच, पण मी पाहिलेल्या घरांत घराची मांडणी त्याहून जास्त काम करत होती.

कोंडायचं ते नव्याला

बऱ्याच घरांत पहिल्या दिवशी नेमकं उलटं होतं. कुत्रं हॉलमध्ये मोकळं, आणि 'बिचारीला काही व्हायला नको' म्हणून मांजर खोलीत बंद. हेतू चांगला असतो. पण मांजराचं एका दुपारीत सगळं जातं: खिडकीतली उन्हाची जागा, सोफ्याचा कोपरा, स्वयंपाकघराकडे जायचा रस्ता. हे सगळं जातं ते एका अनोळखी वासासोबत. पुढे दार उघडतं तेव्हा त्या वासाबद्दलचं तिचं मत पक्कं झालेलं असतं.

मांजर आपलं घर नाकाने ओळखते. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ, पंजे अशा ठिकाणी तिला गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला, आपल्या पोटऱ्यांना गाल घासत ती हिंडते, तेव्हा जागोजागी स्वतःची खूण ठेवत असते. या खुणा असतील तोवर घर तिचं. म्हणून नवं कुत्रं यायच्या आदल्या दिवशी उत्साहाने सगळं घर फिनाईलने पुसून काढणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. त्यात फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या प्रकृतीलाही घातक असतात. चिंगीच्या घरी फरशी साध्या पाण्याने पुसली जाते, आणि ती जिथे गाल घासते त्या चौकटीला कुणी हात लावत नाही.

दोघींची ओळख चालू आहे ती वासावाटे. एक जुना सुती मोजा कुत्रीच्या गालांवरून, मानेवरून फिरवायचा आणि चिंगीच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवायचा. चिंगीची गोधडी कुत्रीच्या खोलीत जाते. मोज्याकडे दुर्लक्ष करून चिंगी जेवू लागली की दुसऱ्या दिवशी मोजा ताटलीच्या जवळ सरकतो. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना, एकाच वेळी. सुरुवातीला चिंगीची ताटली दारापासून पार स्वयंपाकघराच्या तोंडाशी होती, मी गेले तेव्हा ती हॉलच्या मध्यावर आली होती. कुत्री खाली फिरायला गेली की खोलीचं दार उघडून ठेवतात. चिंगी आत जाते, कुत्रीचं अंथरूण हुंगते, खिडकीवर चढून खाली बघते आणि परत येते.

हे किती दिवस चालवायचं, हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू आला. कुठे आठवड्यात भागतं, कुठे महिना उलटतो. दाराला खेटून ठेवलेल्या ताटलीत मांजर अंग सैल सोडून जेवायला लागली, की दार उघडायचा विचार करावा. त्याआधी करू नये, मग सुट्टी संपत आलेली असो की पाहुणे यायचे असोत.

ओटी, माजघर आणि माळा

गुहागर तालुक्यातल्या एका घरी गेले, तिथे ओटीच्या झोपाळ्यावर भाटी, म्हणजे घरातली मांजर, झोपली होती आणि झोपाळ्याखाली मोत्या कुत्रा. घरातल्या आजींना मी विचारलं, यांची ओळख कशी करून दिलीत? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "त्यांचं काय जुळवायचं? त्याला त्याची जागा ठाऊक, हिला हिची."

मग त्यांनी मला घर दाखवलं, आणि उत्तर त्या घरातच होतं. मोत्याची हद्द ओटीपर्यंत. माजघराचा उंबरा तो ओलांडत नाही, लहानपणी शंभरदा 'हाड' ऐकून ते अंगवळणी पडलंय. त्याचं जेवण पायरीशी, भाटीचं चुलीपाशी, त्यामुळे ताटलीवरून तंटा उद्भवतच नाही. माजघरातून माळ्यावर उभा लाकडी जिना जातो. तो भाटी दोन उड्यांत चढते, मोत्याला चढता येत नाही. माळ्यावर सुकत घातलेल्या नारळांमागे तिने दोनदा पिल्लं घातली आहेत. परसाकडचं दार बहुधा उघडंच असतं. म्हणजे तिला वर जायला जागा, मागून निसटायला वाट आणि मधे एक रेषा, जी कुत्रा ओलांडत नाही.

यात कुणी भाबडी गोष्ट शोधू नये. हाच मोत्या शेजारच्या आगरात शिरलेल्या परक्या बोक्याला माडापर्यंत पळवत नेतो. गावांत कुत्र्यांनी मांजराची पिल्लं मारल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत. घरातली मांजर तेवढी आपली, ही समज मोत्याला आली, कारण तो दीड महिन्याचं पिल्लू असताना इथे आला आणि तेव्हा भाटी आधीच घरात होती. कुत्र्याच्या पिल्लाचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे जे प्राणी ओळखीचे होतात ते पुढे आपले वाटतात. मांजराचा हा काळ आणखी लवकर येतो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास, आणि लवकर संपतो. तेल अवीव विद्यापीठातल्या नेटाली फॉयरश्टाइन आणि जोसेफ टर्केल यांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. मांजर आधी आणि कुत्रं नंतर आलं असेल, मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रं वर्षाच्या आत एकमेकांना भेटलं असेल, तर बरं जुळतं, असं त्यांना आढळलं. मांजर घरात असताना कुत्रं आणू पाहणाऱ्यांची निदान क्रमाची बाजू तरी बरोबर असते.

शहरातल्या फ्लॅटला मात्र ओटी नाही, माळा नाही, परसदारही नाही. सगळी फरशी एका पातळीत आणि सगळी फरशी कुत्र्याच्या आवाक्यात. म्हणजे माळा आपणच बांधायला हवा. ठाण्यात एका वन बीएचकेमध्ये मी तो बांधलेला पाहिला. सोफ्याच्या पाठीपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत, तिथून दारावरून लॉफ्टपर्यंत सुताराने भिंतीला फळ्या ठोकल्या आहेत. पाय घसरू नये म्हणून वर गोणपाट ताणून बसवलंय. घरातली बोलकी काळी मांजर फरशीला पाय न लावता दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात पोचते. सुताराला पहिल्यांदा काम नीट जमलं नव्हतं. त्याने वर जायचा रस्ता केला होता, पण उतरायची वाट एकच होती, आणि कुत्रा नेमका तिथे ठाण मांडून बसायचा. मग दुसऱ्या टोकाला आणखी दोन फळ्या आल्या. वेढा पडू नये म्हणून उतरायच्या वाटा दोन हव्यात, हे किल्ले बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उंबऱ्याच्या जागी त्या घरात लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक आहे, जमिनीपासून वीतभर वर बसवलेलं. खालून मांजर जाते, कुत्रा अडतो. मांजराचं लिटर फाटकापलीकडे. हे महत्त्वाचं, कारण मांजराची विष्ठा खायची सवय कितीतरी कुत्र्यांना असते, आणि लिटरवर बसलेल्या मांजरावर कुणी एकदा धावून गेलं तर ती पुन्हा तिथे बसायचं टाळते. बाल्कनीला जाळी लावलेली आहे. घाबरलेली मांजर कुठल्या मजल्यावर आहोत हे बघत नाही, त्यामुळे जाळी नसलेल्या घरात मी तर कुत्र्याची गोष्टच काढू देणार नाही.

दोघांच्या शेपट्या

कुत्रा टोळीने जगलेला, मांजर एकटीने शिकार करणारी. त्यात मांजराचा आकार असा की ती शिकारीही आहे आणि मोठ्या प्राण्याचं भक्ष्यही. म्हणून लपणं हे तिच्यासाठी शहाणपण आहे. लपलेल्या मांजराला ओढून काढून 'बघ, काही करत नाही तो' असं म्हणत कुत्र्यासमोर धरणं हे मी पाहिलेल्या चुकांत सगळ्यांत महागडं. हातात धरलेल्या मांजराची पळायची वाट आपणच अडवतो, आणि मग नखं निघतात. ती आधी आपल्या दंडात रुततात आणि नंतर कुत्र्याच्या डोळ्याकडे जातात.

दोघांच्या खुणा कधीकधी उलट्या असतात. सैल, रुंद हेलकाव्याने हलणारी कुत्र्याची शेपटी बहुधा खुशी सांगते. मांजराची शेपटी सटासटा आपटू लागली तर ती वैतागली आहे. खूश मांजर शेपटी काठीसारखी उभी करून येते. कुत्रं पुढचे पाय वाकवून, मागचा भाग वर करून खेळायचं आमंत्रण देतं, आणि मांजराला ती झडप घालायची तयारी वाटते. तरीही दोघं शिकतात. एका घरात राहून राहून कुत्रे मांजराच्या पद्धतीने नाकाला नाक लावून हुंगू लागतात, हे त्या तेल अवीवच्या अभ्यासातही दिसलं होतं.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि मांजर दोन्ही पाळणाऱ्यांना प्रश्न विचारले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत एक गोष्ट ठळक पुढे आली: दोघांचं नातं कसं राहील हे कुत्र्याच्या वागण्यापेक्षा मांजर किती निर्धास्त आहे यावर जास्त अवलंबून असतं. धमकावणारी आणि ओरबाडणारीही कुत्र्यापेक्षा मांजरच जास्त वेळा असते. कुत्र्याला शिकवण्यावर आपण सगळा जोर लावतो, त्याआधी मांजराची सोय लावली तर अर्धं काम झालेलं असतं.

पहिली नजरानजर

नाशिकला कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका तरुणाबरोबर मी एका घरी बसले होते. लॅब्रेडॉरचा दहा महिन्यांचा धटिंगण बिट्टू आणि नऊ वर्षांचा बोका. बिट्टूला आधी पाऊण तास पळवून, दमवून आणलं होतं. हार्नेस, आखूड पट्टा, आणि शिकवणाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. बोका खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर, मधे फाटक.

बिट्टूने वर पाहिलं. शिकवणारा हलक्या आवाजात म्हणाला, "बिट्टू, इकडे." मान वळली, तुकडा मिळाला. पुन्हा बोक्याकडे नजर, पुन्हा हाक, पुन्हा तुकडा. थोड्या वेळाने बिट्टू बोक्याकडे बघून आपणच मान वळवू लागला. शिकवणारा याचीच वाट बघत होता. मांजर दिसलं की माणसाकडे वळायचं, ही सवय एकदा लागली की पुढे पट्टा नसतानाही उपयोगी पडते. सगळं मिळून पाचेक मिनिटं चाललं. अजून छान चाललंय तोवर संपवायचं, असा त्याचा आग्रह असतो.

"मला भुंकण्याची तितकी भीती नसते," तो नंतर चहा घेताना म्हणाला. "गप्प झालेल्या कुत्र्याची असते. तोंड मिटलेलं, अंग ताठ, डोळे रोखलेले आणि नाकासमोर कोंबडी धरली तरी लक्ष नाही. असं दिसलं की मी मुकाट्याने दार लावून घेतो आणि चार पावलं मागे जातो." ओरडायचं नाही, पट्ट्याला हिसका द्यायचा नाही. मांजर दिसलं की आपल्याला हिसका बसतो, एवढंच कुत्रं त्यातून शिकतं, आणि त्याचा राग मांजरावर निघतो.

यानंतरचे दिवस कंटाळवाणे असतात आणि असावेत. रोज थोडा वेळ, रोज थोडं अंतर कमी, मग फाटक उघडं पण कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा फरशीवर लोळता, म्हणजे वेळ आली तर त्यावर पाय देता येतो. घरात माणूस नसताना दोघं वेगळी, हे कित्येक महिने. पिल्लाच्या बाबतीत लोक ढिलाई करतात, कारण पिल्लू गोड दिसतं. पण म्हाताऱ्या मांजराला खरा त्रास पिल्लाचाच होतो. ते दिवसभर मागे लागतं, आणि फिस्कारलेलं त्याला कळायला वेळ लागतो.

कारवानी

सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे कारवानी कुत्रा पाहिला. निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, लांब पाय. कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत तो होता. सशामागे धावायला पिढ्यान्पिढ्या निवडून घडवलेला हा प्राणी आहे.

रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकांनी कुत्र्याच्या शिकारीची साखळी मांडली आहे: हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं. वेगवेगळ्या जातींत माणसाने या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात पाठलागापर्यंतच्या कड्या राहिल्या, पकड मंदावली. कारवानीत पाठलाग आणि पकड दोन्ही धारदार ठेवल्या. पळणारी, लहान, केसाळ वस्तू दिसली की त्याचे पाय आधी सुटतात. यात त्याचा दुष्टपणा नाही.

या घरातल्या सुनेने माहेरून मांजर आणली होती. घरच्यांनी प्रयत्न मनापासून केला, फाटक लावलं, बैलाच्या मुसक्याच्या धर्तीवर शिवून घेतलेली जाळी कुत्र्याच्या तोंडाला बांधली. मांजर बसलेली असेपर्यंत तो शांत राही. ती धावली की त्याचं भान सुटे. शेवटी त्यांनी ठरवलं: कुत्रा गोठ्याकडच्या शेडमध्ये आणि शेतावर, मांजर घरात, दोघं कधीच एकत्र नाहीत. सून म्हणाली, "दोघंही आमचीच. पण एकत्र नाहीत." मला हा निर्णय अतिशय जबाबदार वाटला. प्रत्येक जोडीचं जुळतंच असं धरून चालणारे लोक मांजराचा जीव पणाला लावतात.

दवाखान्यातल्या बाकावर

पशुवैद्यांच्या दवाखान्यात ही गोष्ट वेगळ्या तोंडाने येते. 'बोका सारखा लिटरवर बसतोय पण होत नाही.' घरात नवा प्राणी आल्याच्या ताणाने मांजराचं मूत्राशय सुजतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. हे बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नये. दुसरी तक्रार, मांजर जेवतच नाही. कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर सहसा बिघडत नाही. मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर तिच्या यकृतात चरबी साचू लागते. चिंगीच्या घरातली मुलगी 'जेवली ना' म्हणून सुखावली ती यामुळे.

आणि तिसरी गोष्ट, जी प्रत्येक घराने फ्रिजवर चिकटवून ठेवावी. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला गोचिड्या असतात, म्हणून मानेवर सोडायचे थेंब आणले जातात. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विष आहे. तिच्या यकृताला ते निचरता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मृत्यूही येतो. थेंब लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपलेल्या किंवा त्याला चाटणाऱ्या मांजरालाही धोका असतो. औषध आणताना 'घरी मांजर आहे' हे आधी सांगायचं. नव्या कुत्र्याची तपासणी, जंतांचं औषध आणि दोघांचीही रेबीजची लस, हे दार उघडायच्या आधी.

त्रिपुरीनंतर

पुण्यातच एक बाई रस्त्यावरची जखमी कुत्री घरी सांभाळतात आणि बरी झाली की घर शोधून देतात. त्या कुत्रं द्यायच्या आधी विचारतात ते मांजराबद्दल: किती वर्षांची, कुठे झोपते, उंच जागा आहे का, बाल्कनीला जाळी आहे का. मग स्वतः जाऊन घर बघतात. पूर्वी लोक आठवड्याने फोन करून सांगायचे, मांजराला पटत नाही, परत घेऊन जा. एकदोघांनी तर परस्पर गल्लीत सोडून दिलं. प्राण्याला उपासमार होईल असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला परवानगी दिली, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. या बाई ती अट आता तोंडी सांगतात आणि लिहूनही घेतात.

दिवाळीच्या दिवसांत त्या एकही कुत्रं देत नाहीत. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेल्या कुत्र्याची नव्या घराशी आणि नव्या मांजराशी पहिली ओळख त्या धडाडधूममध्ये झाली, तर तो आवाज आणि ते मांजर त्याच्या डोक्यात एकत्र बसतं. मांजरही आधीच कपाटामागे दडलेलं असतं. तुळशीची लग्नं आटोपली, त्रिपुरी पौर्णिमा गेली की मगच त्या गाडी काढतात.

मी गेले तेव्हा त्यांच्याकडे एक पांढरी-काळी तरुण कुत्री होती, सातारा रस्त्यावरच्या एका घरासाठी ठरलेली. त्या घरात तेरा वर्षांचा बोका आहे. बाईंनी त्या मंडळींकडून बोक्याची झोपायची चादर आधीच मागवून कुत्रीच्या पेटाऱ्यात घातली होती, आणि कुत्रीचा टॉवेल तिकडे पाठवला होता. घरमालकांना सुताराचा नंबरही दिला होता. फळ्या बसल्याचा फोटो आल्याशिवाय कुत्री द्यायची नाही, असं बाईंनी त्या मंडळींना स्पष्ट सांगितलंय.